तंबूवाली आणि मी

नातसुनेने सकाळपासून मला बजावायला सुरुवात केली होती. "आजी, आज मॅडम येतील तेव्हा दाराआड उभं राहायचं नाही हां. बाहेर येऊन नीट खुर्चीवर बसायचं."

"मी कशाला दाराआड उभी राहू?" असं म्हणून मी मनातल्या मनात दार निवडूनही टाकलं. स्वयंपाकघराचं. त्याची फट रुंद आहे.

मॅडम म्हणजे दत्तक देणाऱ्या संस्थेच्या. माझ्या नातवाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, औषधं झाली, मग एके दिवशी दोघांनी जेवता जेवता सांगितलं की आम्ही मूल दत्तक घेतोय. अर्ज गेला. आता संस्थेच्या बाई घर बघायला येणार, माणसं कशी आहेत ते बघणार आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या पोटात काय आहे तेही विचारणार. त्यांनी बरं लिहिलं तर मूल येणार. आणि घरातली म्हातारी म्हणजे मी! माझ्या जिभेचा भरवसा मलाच नाही, तिथे त्या पोरीने तो कसा ठेवावा? 

पण दाराआड उभं राहण्याची माझी सवय जुनी आहे आणि ती मला लावली बायबलच्या जुन्या करारातल्या एका बाईने. या बायकांना मी नावांनी ओळखत नाही, शेजारणींसारखी ओळखते. एक आहे विहिरीवाली, जिने परक्या माणसाला पाणी दिलं आणि न सांगता त्याच्या उंटांनाही पाजलं. एक मडक्यावाली, जिच्याकडे शेवटचं मूठभर पीठ उरलं होतं आणि तेही मागायला आला भलत्याच देवाचा माणूस. तरी तिने भाकरी करून दिली. आणि माझी लाडकी तंबूवाली. भर दुपारी तिच्या नवऱ्याकडे तीन अनोळखी माणसं आली, देवाकडची. तिने पीठ मळलं, नवऱ्याने वासरू कापायला लावलं. जेवून झाल्यावर त्यातला एक पाहुणा म्हणाला, पुढच्या वर्षी याच सुमाराला तुझ्या बायकोला मुलगा झालेला असेल. ही दाराआडून ऐकत होती. एवढी म्हातारी बाई, हसू कसं आवरणार? हसली. पाहुण्याने विचारलं तर म्हणाली, मी नाही हसले. तो म्हणाला, हसलीस. आणि झाला की तिला मुलगा!

लग्नानंतर काही वर्षं मलाही मूल नव्हतं. त्या काळातल्या त्या बावळट पोरीला मी आज भेटले तर तिचा कानच धरीन. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हे वाचन ऐकून ती घरी आली ती ठरवूनच, की आपल्याकडेही तीन पाहुणे येणार. भर दुपारी येणार. मग काय, घरातली सगळी वामकुक्षी घेत असताना ही बया उंबऱ्यात बसून रस्ता बघतेय! कल्हईवाला आला, त्याला जेवू घातलं. पण तो एकटाच, हिशेबात बसेना. मडकी विकणारं जोडपं आलं, त्यांना पोटभर पेज दिली. तरी एक कमीच.

आणि एका दुपारी आले! तिघे, पांढरेशुभ्र कपडे घातलेले, घामाने निथळणारे. त्यांना बसा म्हणून मी आत पळाले. तंबूवालीने तीन मापं पीठ मळलं होतं, आमच्याकडचं माप म्हणजे पायली. मी तीन पायल्या तांदळाचं पीठ परातीत ओतलं. नाताळासाठी पोसलेलं बदक परड्यात फिरत होतं, तेही कापलं. सासूबाई भाकरी भाजल्याच्या वासाने जाग्या झाल्या.

"अगो, कोनाचं लगीन हाय?"

"आई, हळू बोला. पाहुणे आहेत. देवाकडचे."

सासूबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. "देवाकडचे? मंग हातात भोंगा कशाला?"

ते मतं मागायला आले होते. हे मला कळलं नव्हतं असं नाही, मला कळून घ्यायचं नव्हतं. मी त्यांना बदक वाढलं, भाकऱ्या वाढल्या आणि नेमकी दाराआड जाऊन उभी राहिले, कान बाहेर. त्यातला मोठा माणूस ढेकर देऊन आमच्या ह्यांना म्हणाला, "तुमच्या घरचं अन्न खाल्लंय. शब्द देतो. पुढच्या वर्षी याच वेळेला तुमच्या घरी…"

मी डोळे मिटले.

"…नळ येईल."

त्या रात्री आम्ही आणि सगळा शेजार तांदळाच्या भाकऱ्या खात होतो. दुसऱ्या दिवशीही. नळ काही आला नाही, पण दोनेक वर्षांत मला मुलगा झाला. तो चांगला शाळेत जायला लागला तेव्हा कुठे नळ आला. सासूबाई मरेपर्यंत त्याला हाक मारायच्या, "नळाच्या आधी आलेल्या, जेवायला ये."

तर मॅडम आल्या त्या नेमक्या भर दुपारी, विरारहून रिक्षाने. राजोडीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, त्यामुळे उशीर झाला म्हणाल्या. मी सुकेळी, म्हणजे आमची उन्हात सुकवलेली केळी, काढून ठेवली होती, मैद्याचे गोल फुगे तळले होते, पण त्या आल्या आल्याच म्हणाल्या, "आम्हाला घरी काही खाता येत नाही. नियम आहे. नुसतं पाणी चालेल."

झालं! पाहुणा आला आणि खात नाही! तंबूवालीवर अशी वेळ आली नव्हती. मी फटीतून बघतेय, नातसुनेने तांब्याभर विहिरीचं पाणी आणलं. मॅडमनी पेलाभर पाणी पिऊन दुसरा मागितला. आणि तेवढ्यात ही पोरगी उरलेला तांब्या घेऊन बाहेर गेली. उन्हात उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "दादा, रिक्षा आंब्याखाली घ्या ना, सीट तापेल." तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला बिचारीला विहिरीवाली माहीतही नसेल, रविवारी देवळात ती उशिरा येऊन मागे बसते. मी दाराआड टाळीच वाजवणार होते, पण हात आवरला.

हसू मात्र आवरलं नाही. मॅडमनी सगळं विचारून घेतलं, खोल्या बघितल्या आणि बसून म्हणाल्या, "कागदपत्रं नीट आहेत. सगळं जुळून आलं तर पुढच्या वर्षी याच वेळेला तुमच्या घरी…" आणि पेला तोंडाला लावला.

नळ येईल! माझ्या डोक्यात भोंगाच वाजला. मी पदर तोंडात कोंबला, पण फिस्सकन आवाज झालाच.

"आत कोण हसलं?"

नातसुनेचा चेहरा पांढराफटक. मी बाहेर आले.

"आजी, तुम्ही हसलात?"

"मी? नाही बाई."

"हसलात," मॅडम म्हणाल्या. त्या मात्र हसत नव्हत्या. "तुम्हाला हे पटलेलं नाही का? मनातलं सांगा. बाळ तुमच्या रक्ताचं नसेल."

नातवाने नजर खाली घातली. पोरगी माझ्याकडे बघत होती. मग जे होतं तेच सांगितलं: बदक, तीन पायल्या पीठ, भोंगा, नळ. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, मॅडमनी आधी ओठ दाबले, मग पेन खाली ठेवलं आणि हसून हसून डोळे पुसू लागल्या.

"मूल यावं म्हणून मी मतं मागणाऱ्यांना नाताळाचं बदक खाऊ घातलं बाई," मी म्हटलं. "आता खरंच मूल दारात येतंय, त्याला काय मी उंबऱ्यात उभं करून विचारू, तू कुणाचा? आधी पाणी, मग भाकरी. बाकी सगळं पोट भरल्यावर."

मॅडमनी पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मला वरून काही दिसलं नाही, चष्मा आत राहिला होता. जाताना फाटकाशी थांबून म्हणाल्या, "आजी, हे काम पूर्ण झालं की मी जेवायला येईन. तेव्हा नियम नसेल."

वर्षही लागलं नाही! परवा फोन आला. मुलगी आहे. उद्या दुपारी दोघं तिला घेऊन येतात. मी पीठ दळून आणलंय, किती ते विचारू नका. नातसून म्हणते, "आजी, तिला अजून दातसुद्धा नाहीत!" नसू देत. मॅडमना आहेत, त्यांनाही बोलावलंय. रिक्षावाल्यालाही थांबवून घेईन.

आणि स्वयंपाकघराच्या दारामागे मी आज घरातली सगळी रिकामी पिंपं रचून ठेवलीत. माझाच मला भरवसा नाही. उद्या मला पुढच्या दारात उभं राहायचंय.