तळ्यावरच्या राक्षसाला वहिनींनी कामाला लावलं

रविवारी दुपारी नांदेडला, आमच्या हॉलमध्ये, कूलरसमोर एका राक्षसाला नोकरी लागली. हसू नका, खरंच सांगतोय.

सध्या लातूरचे पाहुणे आमच्याकडे थेट आंघोळीलाच येतात. तिकडे नळ कोरडे, टँकरचा पत्ता नाही... म्हणून दादानं वहिनींना आमच्याकडे पाठवून दिलं. आल्या दिवशी वहिनींनी मनसोक्त केस धुतले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, सण झाला बघा!"

वहिनींचं माहेर चाकूरकडचं. स्वभाव गोड, पण कशालाही एकच उत्तर. भाजी कोणती करायची? "तुम्ही म्हणताल तसं." पंखा लावू का कूलर? "तुम्ही म्हणताल तसं." अरे देवा! या बाईला स्वतःची आवडती भाजी तरी माहीत आहे का, असं मला वाटायचं.

आता खेळाचं. प्रशांत आणि इम्रान, माझे कॉलेजपासूनचे दोस्त, दर रविवारी रोलप्लेइंग गेम खेळायला येतात. यात एक जण गोष्ट सांगतो, म्हणजे मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी प्रसंग सांगायचा आणि विचारायचं, "आता तू काय करतोस?" मग ते जमलं का नाही, ते वीस बाजूंच्या फाशावर; आकडा जितका मोठा, तितकं जमलं.

या वेळी वहिनींनाही बळंच बसवलं. गोष्ट अशी की गावाच्या तळ्यावर एक राक्षस येऊन बसलाय, कुणाला घोटभर पाणी घेऊ देत नाही. त्याला मारायला भुयार, जादूची तलवार... पंधरा दिवस खपून मी सगळं रचलं होतं. नकाशे काढले होते हो, रंगीत!

राक्षस समोर आला. प्रशांतनं तलवार उपसली, इम्रान झाडावर चढला. मी वहिनींकडे वळलो, "तुम्ही काय करता?"

"तुम्ही म्हणताल तसं."

"तसं चालत नाही वहिनी. इथं तुम्हीच सांगायचं."

 वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं... मग हळूच म्हणाल्या, "ह्या राक्षसाला पाणी किती लागतंय हो?"

आता मला काय माहीत!

"न्हाई, एवढं मोठं तळं एकटाच पिऊन राहिला का त्यो? त्येला मी म्हणते, बाबा, रातच्याला पाणी तुझं, दिवसा गावाचं. अन् राखण तूच कर. तुला बघून कुणी चोरून पाणी उपसायला मोटार टाकायचं न्हाई."

प्रशांत तोंड उघडं टाकून बघत बसला. मी मात्र माझ्या नकाशांकडे बघितलं. भुयार गेलं, तलवार गेली, नकाशे गेले! 'राक्षस ऐकत नाही' एवढं म्हटलं असतं की झालं... म्हणणारही होतो. तेवढ्यात इम्रान म्हणाला, "तूच विचारलं ना रे वहिनीला? मग आता ऐक की."

बरोबर होतं गधड्याचं. "टाका फासा," मी म्हणालो.

त्यांनी असा जोरात टाकला की फासा थेट कूलरखाली. आम्ही तिघं फरशीवर पालथे, मोबाईलचा टॉर्च लावून... विसातले अठरा! इम्राननं शिट्टी मारली. राक्षस रखवालदार झाला, गावानं घागरी भरल्या. वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी वहिनींना दादाचा फोन आला. स्पीकर चालूच होता. "आपल्या गल्लीत टँकर सुरू झालाय. उद्या सकाळच्या गाडीनं निघ."

उत्तर काय येणार, मला पाठ होतं.

"न्हाई ओ," वहिनी म्हणाल्या. "येत्या रविवारी खेळ हाय. राक्षसाला शब्द दिलाय म्या. सोमवारी येते."

तिकडून दादा, "कोणता राक्षस?"

"भाऊजीला इचारा," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि उठल्या. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "आज वांगी करते. मला लई आवडतात."

दादा, तू ही पोस्ट वाचशीलच. राक्षसाचं सोड. वहिनी घरी आल्या की त्यांना एकदा विचारून बघ, 'आता तू काय करतेस?'... आणि मग ऐक की.