मामांची खाट
तांबड्या रश्शाची फोडणी बसली की मला ती दुपार आठवते. कॅन्सरनं पोखरलेल्या माझ्या पैलवान मामांना धाप लागली आणि अख्खी तालीम धावून आली. पोरांनी खाटेसकट त्यांना असं उचललं, की पंख्यानंच मान खाली घातली! "आयसीयूत न्हाय मरायचं मला," मामा कण्हत होते, पण ऐकतोय कोण? एवढ्यात अँब्युलन्समधून डॉक्टरीणबाई उतरल्या. त्यांच्या मोबाइलवर मामांच्या दवाखान्यातल्या मागच्या सगळ्या खेपांची नोंद होती: कशानं धाप बसते आणि शेवट कुठं हवा, तेसुद्धा. "पावणं, खाट खाली ठेवा की!" बाई गरजल्या आणि इंजेक्शन दिलं. घटकाभरात मामा उठून बसले. "रस्सा हाय का?" वाटी आली, आणि मामांच्या पहिल्याच भुरक्यानं रंकाळ्यावर लाटा उठल्या! पुढं मामा घरीच, झोपेत गेले, पण कुस्ती मारून. आज त्याच खाटेवर मी रस्सा भुरकतो, तेव्हा पंखा अजून अदबीनं फिरतो.