पाचवे कलम

इंजिन थांबल्यावर धुराच्या नळीतील पाणी कोठे जाते, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत आहे. प्रश्न क्षुल्लक वाटतो. मलाही तो इतका क्षुल्लक वाटला होता की इंजिन बनून, बसवून झाले, तरी मी तो स्वतःला विचारला नव्हता.

मी त्या वेळी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असे. माझ्या थोरल्या बंधूंचा डिझेल इंजिनांचा कारखाना होता. मोठा नव्हता; एक भट्टी, दोन लेथ आणि वीस वर्षे लोखंडात वावरलेले एक मिस्त्री. आमची इंजिने पंचगंगेच्या काठी आणि शेतातल्या विहिरींवर बसत. त्या कारखान्यात मालवणकडचे एक तांडेल आले. तांडेल म्हणजे शिडाच्या जहाजाचा मुख्य. त्यांचा स्वतःचा मचवा होता. वारा पडला की दोन-दोन दिवस समुद्रात अडकून पडावे लागे, म्हणून शिडाच्या जोडीला त्यांना इंजिन हवे होते.

त्यांची अट एकच होती. त्यांच्या गावातल्या एका मचव्यावर असेच इंजिन बसवले होते. धुराची नळी तापून लाल झाली, शेजारच्या काथ्याच्या दोराने पेट घेतला आणि मचवा पाण्याच्या पातळीपर्यंत जळाला. ते म्हणाले, "आमी आगीक भियतो, मास्तरांनू. पाण्याक नाय."

दादांनी हा प्रश्न माझ्याकडे सोपवला. मी पाटीवर तीन मार्ग मांडले. पहिला, नळीभोवती अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळणे. पण तो ओला होऊन सुटला की नळी पुन्हा उघडी. दुसरा, नळी चिमणीसारखी सरळ वर काढणे. पण शीड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला फिरते आणि फिरताना चिमणीवरूनच जाते. तिसरा, इंजिन थंड करून बाहेर पडणारे समुद्राचे पाणी त्या नळीतच सोडणे. पाणी आणि धूर एका लोखंडी डब्यात उतरतील आणि धुराच्या दाबाने दोन्ही मिळून मचव्याच्या पाठीमागे बाहेर फेकले जातील. पाण्यामुळे नळी तापणार नाही. आम्ही तिसरा मार्ग निवडला.

कारखान्याच्या अंगणात इंजिन ओट्यावर चढवले. पाण्यासाठी शेजारी जमिनीत बांधलेला हौद होता. अर्धा तास इंजिन चालले. मिस्त्रींनी डब्यापुढच्या नळीवर तळवा ठेवला आणि तांडेलांना म्हणाले, "धरा की पावणं. बायकोचा हात धरल्यागत धरा, काय होत न्हाय." तांडेलांनी भीत भीत बोट लावले, मग मूठ आवळली आणि पहिल्यांदा हसले. इंजिन थांबवले. सारे जागच्या जागी राहिले. परीक्षा उत्तम रीतीने पार पडली असे मी मानले.

तांडेलांना वाचता येत नव्हते. घरी पुतण्या वाचून दाखवी. म्हणून मी सूचनांचा एक कागद तयार केला. सुवाच्य अक्षर, सात कलमे, खाली माझी सही. पाचवे कलम असे होते: 'समुद्राकडील कॉक कधीही बंद करू नये, बंद ठेवून इंजिन चालवल्यास पंप कोरडा पडेल.' कॉक म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या नळीवरची चावी. ही गोष्ट मला मिस्त्रींनी सांगितली होती. विहिरीवर आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला हेच सांगितले जाई, आणि विहिरीवर ते बरोबरच होते. तांडेलांनी कागदाची घडी करून ती मेणकापडाच्या पाकिटात ठेवली.

मिस्त्री इंजिनाबरोबर गेले, आठ दिवसांत ते बसवून परत आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वर्गात वक्रनलिकेचा प्रयोग करीत होतो. टेबलावर पाण्याची बादली, खाली स्टुलावर रिकामे भांडे, मधे काचेची वाकडी नळी. एकदा तोंडाने पाणी ओढले की ते आपोआप वाहू लागते आणि वरच्या भांड्यातले पाणी खालच्या तोंडापेक्षा उंच आहे तोवर वाहत राहते. "ओढणारा निघून गेला तरी पाणी थांबत नाही," हे वाक्य मी दरवर्षी उच्चारत असे. त्या दिवशी ते उच्चारले आणि मी हातातला खडू खाली ठेवला.

आमच्या अंगणात हौद इंजिनाच्या खाली होता. विहीर खाली असते, नदी खाली असते. पाणी खाली आणि इंजिन वर, हीच आमची जन्माची सवय. मचव्यात इंजिन तळाशी बसते. तेथे पाणी वर असते.

तास संपल्यावर मी तडक कारखान्यात गेलो आणि मिस्त्रींना विचारले, "इंजिन बसवले तेव्हा बाहेरच्या पाण्याची पातळी इंजिनाच्या कुठवर येत होती?"

"पाणी कुठलं मास्तर? मचवा वाळूत वढून काढलावता की."

"मग पाण्यात कधी सोडणार?"

"पुनवंला. मोठ्या भरतीला तरंगतोय म्हणालं." ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "काय झालं?"

मी कोळशाने भिंतीवर आकृती काढली. इंजिन थांबले तरी समुद्राचे पाणी उघड्या कॉकमधून, पंपातून, धुराच्या नळीत येत राहील. पंपाच्या झडपा त्याला अडवणार नाहीत, कारण त्या त्याच दिशेने उघडतात. धुराचा दाब नसल्याने ते बाहेर फेकले जाणार नाही. डबा भरेल. नळी भरेल. पाणी उलटे इंजिनात शिरेल आणि तेथून हवेच्या तोंडातून मचव्याच्या तळात. मचवा जितका खाली जाईल तितकी बाहेरची पातळी इंजिनाच्या वर चढेल आणि धार तितकी वाढेल. हे सारे आवाज न करता घडेल.

मिस्त्रींनी आकृतीतल्या कॉकवर बोट ठेवले. "कॉक बंद केला तर?"

"तर काहीच होणार नाही."

"मंग करतील की बंद."

"मी लिहून दिले आहे, करू नका म्हणून."

पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. मी लगेच तार केली: इंजिन थांबताच कॉक बंद करा. पण तारेवर माझा भरवसा बसेना. त्यांच्या गावी तारघर नव्हते. तार तालुक्याला उतरून माणसाच्या हाती पुढे जाणार होती. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने मी निघालो.

फोंड्याच्या घाटात गाडी पाण्यासाठी थांबली. ड्रायव्हरने इंजिनाचे टोपण उघडले, वाफ निवण्याची वाट पाहत विडी ओढली आणि एका प्रवाशाशी भाताच्या बियाण्याविषयी बोलत राहिला. मी मनात गणित करीत होतो. नळी अर्ध्या इंचाची, वरचे पाणी अंदाजे चार बोटे. तासाला किती बादल्या, हे मी तीन निरनिराळ्या रीतींनी काढले आणि तिन्ही वेळा उत्तर नको तितके मोठे आले. भरती दुपारी बारा-साडेबाराची. मचवा तरंगवतील, तळात वजनाचे दगड भरतील, इंजिन चालवून पाहतील, थांबवतील. मी चारच्या आधी पोहोचणे शक्य नव्हते.

तांडेलांचे घर खाडीच्या काठावरच होते. त्यांच्या पत्नी अंगणात जाळे पसरत होत्या. मी ते कोठे आहेत असे विचारले.

"ते मचव्यार असत. इंजान चालवन बघल्यानी, जेवले नि थयच निजले. तुमी मास्तर मां? येवा, चाय घेवा."

मचवा शंभर हातांवर नांगरावर उभा होता. मला जहाजातले काही कळत नाही, परंतु त्याचा मागचा भाग पुढच्यापेक्षा खाली आहे एवढे मला काठावरून दिसत होते. मी बोट दाखवले. बाईंनी पाहिले आणि हातातले जाळे टाकले. त्यांनी छोटी होडी पाण्यात लोटली, मला बसवले आणि स्वतः वल्हे मारले.

तांडेल मागच्या बाजूला फळ्यांवर तोंडावर पंचा घेऊन झोपले होते. फळ्यांखाली पाणी होते आणि एक चप्पल त्यात तरंगत होती. मी तसाच उतरलो. पाणी मांडीला लागले. कॉक त्या पाण्याखाली होता. कागदावर त्याची जागा मीच दाखवली होती, तरी हाताला तो सापडेना. सापडला तेव्हा कोणत्या बाजूला फिरवायचा हे आठवेना. मी तो एकदा उलट फिरवला. मग सुलट. मग पुढे फिरेना.

तांडेल उठून बसले होते. त्यांनी पाण्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"माझी तार मिळाली नाही का?" मी विचारले.

"सकाळीच मिळाली." त्यांनी मेणकापडाचे पाकीट काढले. त्यात तार आणि कागद एकत्र होते. "तारेत म्हटलाहा बंद कर. कागदात म्हटलाहा कधी बंद करू नको. कागदार तुमची सय हा, तारेर नाय. मगे मी खरा खयचा मानू?"

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "सयेक काय चाटूचा? बालदी घेवा."

आम्ही तिघांनी सूर्य खाली जाईपर्यंत पाणी उपसले. इंजिनाला हात लावू नका, असे मी पुन्हा पुन्हा बजावले. सिलिंडरमध्ये पाणी असताना ते फिरवले असते तर आतला दांडा वाकला असता. नंतर मी कागद मागितला. तांडेल तो द्यायला कचरले. मी त्यांच्यासमोर पाचवे कलम खोडले, त्या जागी 'इंजिन थांबताच कॉक बंद करावा; सुरू करण्यापूर्वी उघडावा' असे लिहिले आणि शेजारी पुन्हा सही केली. अक्षर वेडेवाकडे आले.

पुढच्या आठवड्यात दादा आणि मिस्त्री आले. त्यांनी पाण्याची नळी फिरवून वर थेट डेकखाली, भरल्या मचव्याच्या पाणीरेषेहून दोन हात उंच नेली, आणि त्या वळणाच्या माथ्यावर एक बारीक भोक ठेवले. इंजिन थांबले की त्या भोकातून हवा आत शिरते आणि धार तुटते. कॉक विसरला तरी मचवा बुडत नाही. तो मचवा पुढे अनेक वर्षे चालला. तरीही वर्गात बादली टेबलावर ठेवताना मी आधी दाराकडे पाहत असे, कोणी तार घेऊन आले आहे की काय म्हणून.

वाचकांना माझी एक विनंती आहे. मी लिहिले आहे म्हणून यातले काही मानू नका. एक बादली, एक भांडे आणि हातभर रबरी नळी घ्या. बादली आधी खाली ठेवून पाहा, मग वर ठेवून पाहा. वर ठेवली असताना नळीच्या माथ्याला सुईने भोक पाडा. जे दिसेल ते माझ्या लिहिण्याशी जुळते की नाही, ते स्वतः तपासा.