कापसावरची मांजर
नवा कापूस उन्हात तापला की त्याला एक ऊबदार वास येतो आणि मला मारेगावकडचं आमचं घर आठवतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. दिवाळीनंतर पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरायची, आणि आमची पांढरी मांजर त्या ढिगावर अशी झोपायची की कापूस कुठला आणि ती कुठली ते कळत नसे. वडिलांची ती फार लाडकी. ते शेतातून आले की ती ढिगावरून घसरत थेट त्यांच्या मांडीवर यायची, आणि वडिलांना शिंका सुरू व्हायच्या, डोळे लाल व्हायचे, छाती घरघरायची. सगळे म्हणायचे, कापसाची धूळ बाधते. त्या वर्षी आईने हट्टच धरला आणि भाव चढायच्या आधीच सगळा कापूस बैलबंडीत भरून बाजाराला धाडला. खोली झाडली, सारवली. वडील निवांत टेकून बसले, मांजर मांडीवर आली, आणि लागोपाठ अशा शिंका आल्या की आई हातातला झाडू घेऊन तशीच उभी राहिली. "म्हणजे कापूस नव्हताच! ही मांजरच बाधून राह्यली तुमाले!" वडील डोळे पुसत म्हणाले, "हळू बोल, तिले ऐकू जाईन." मांजर घालवायला त्यांनी साफ नकार दिला आणि स्वतःचीच बाज अंगणात नेली. ज्या आईने तिला कधी हात लावला नव्हता, ती आता संध्याकाळी मांजर मांडीवर घट्ट धरून उंबऱ्यात बसायची, आणि वडील लांबून सांगायचे, "कानामागं खाजव, तिले तिथंच आवडते." आज माझ्या मांडीवर कुणाचंही मांजर आलं, तरी बोटं आधी तिथेच जातात.