सहाची गाडी

आईला मी फोनवर सांगितलं, "उद्या सहाच्या गाडीनं जायचं, तयार राहा." चूक एवढीच झाली.

आमच्या भागात 'गाडी' ह्या शब्दाचे तीन अर्थ आहेत. आसनगाव स्टेशनाच्या आसपास राहणाऱ्याला गाडी म्हणजे लोकल. धसई, किन्हवलीकडच्या आणि आमच्या गावच्या माणसाला गाडी म्हणजे एसटी. कॉलेजातल्या पोरांना गाडी म्हणजे मोटरसायकल. चार चाकांची असते तिला कोणी गाडी म्हणतच नाही, ती फोरव्हीलर. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत पाठ होतं. पण गेल्या दिवाळीत एक जुनी फोरव्हीलर शहापूरच्या आमच्या दारात उभी राहिली आणि तिला 'गाडी' म्हणायची मला चटक लागली. 'जरा गाडी काढतो', 'गाडी सावलीत लावतो' असं मी दिवसातून चारदा म्हणायचो, तेही गल्लीत ऐकू जाईल अशा बेतानं.

मुंबईला जायचं निघालं त्यालाही मीच कारण. मी शाळेत भूगोल शिकवतो. आई गावाहून आमच्याकडे आठवडाभर राहायला आली होती आणि मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. मुंबईला पाणी कुठून येतं, ह्या प्रश्नाला एका विद्यार्थ्यानं 'समुद्रातून' असं उत्तर लिहिलं होतं. मी हसून ते आईला वाचून दाखवलं आणि वर समजावलं, की आपल्या गावातून दिसतं त्या धरणाचं पाणी मुंबईला जातं, विसाव्या माळ्यावर नळ सोडला तरी येतं.

आई शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

"इसाव्या माळ्यावर?"

"हो. पंप असतो ना."

"माझ्या डोक्यावरनं टेकडी चढताना हंडा निम्मा सांडतो," ती म्हणाली. "तिथं आपसूक चढतं? मला बघायचाय तो नळ."

आमच्या गावातून धरण दिसतं आणि एप्रिल लागला की गावात टँकर येतो. त्यात आम्हाला कोणालाच कधी नवल वाटलं नव्हतं. आईलाही नव्हतं, त्या दिवसापर्यंत. ती गावी परत गेली आणि विहिरीवरच्या बायांना सांगून बसली, की मी मुंबईला जाऊन आपलं पाणी तिथल्या नळानं पिऊन येणार आणि तुमच्यासाठी तांब्याभर आणणार. बाया हसल्या. एक म्हणाली, "म्हातारीला आता मुंबईच्या नळाची तहान लागली." हे आईनंच मला फोनवर सांगितलं. आवाज असा, की हसण्याची माझी छाती झाली नाही.

मग मी बेत आखायला घेतला. शाळेतून उरलेला एक चार्ट पेपर आणला, पट्टी घेतली, तीन रंगांची स्केचपेनं घेतली. सहा वाजता प्रस्थान. सव्वासातला पडघा, तिथे चहा. साडेनऊला समुद्र. मग म्युझियम, मत्स्यालय, जेवण, पुन्हा समुद्र. कोपऱ्यात उत्तर दिशाही दाखवली. पुढच्या शनिवारी गावी जाऊन तो कागद आईसमोर जमिनीवर पसरला. तिला वाचता येत नाही, पण तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"ह्याच्यात नळ कुठं हाय?"

नळ राहिला होता. मी जेवणाच्या रकान्यात हिरव्या पेनानं 'नळ' लिहिलं.

ह्या बेताला पहिला विरोध धसईच्या दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भेंडी-काकडीचा टेम्पो घेऊन कल्याणला, वाशीला जाणारा माणूस. त्यांना सगळे रस्ते तोंडपाठ, आणि ते तसं दर दहा मिनिटांनी सांगतात.

"मेव्हणे, तुमी पडघ्याच्या पुढं फोरव्हीलर नेलीय का कधी?"

"नेली नाही म्हणूनच नेणार."

"त्यापेक्षा आसनगाववरनं लोकल धरा. टायमात पोचाल."

"आई स्टेशनचा पूल चढेल का? मागच्या खेपेला अर्ध्यावर बसली होती."

"मग मी चालवतो."

तेवढं मात्र मी होऊ देणार नव्हतो. पुढच्या सीटवर बसा, भेंडीचे भाव सांगा, हवं तर डुलकी काढा, पण माझ्या आईला मुंबई मी दाखवणार, हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं. ते म्हणाले, निदान मोबाइलवर रस्ता तरी लावा. एकोणतीस वर्षं नकाशावाचन शिकवणाऱ्या माणसाला मोबाइलातली बाई डावं-उजवं सांगणार? मी दाजींच्या देखत मोबाइल बंद करून बायकोच्या पर्समध्ये टाकला. कसा बाणेदार दिसलो असेन, असं मला तेव्हा वाटलं होतं.

बायकोनं आपल्या परीनं तयारी केली. चपात्या, सुकी भाजी, आणि पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. शनिवारी संध्याकाळी तिनं हे आईला फोनवर सांगितलं.

"मुंबईला पाणी घेऊन चाललीस गो?" आईनं विचारलं.

"आई, तिकडे बाटली विकत घ्यावी लागते."

"आपलंच पाणी आपल्यालाच इकत?" आई म्हणाली. "तुमी प्या काय प्यायचं ते. मी सकाळपासून थेंब घेणार नाय. पयला घोट तिथल्या नळाचा."

"आणि गुडघ्याची गोळी?"

"ती चहाबरोबर घेईन. चहा म्हंजे पाणी नाय."

त्यानंतर फोन माझ्याकडे आला आणि मी ते सहाच्या गाडीचं वाक्य बोललो.

रविवारी सकाळी साडेपाचला मी, बायको आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेले दाजी शहापूरहून आईला आणायला गावाकडे निघालो. चार्टवर प्रस्थान सहाला होतं ते आईच्या दारातून. गावच्या अलीकडे, रस्ता अगदी अरुंद होतो तिथे, समोरून पहिली एसटी आली. तिला वाट द्यायची म्हणजे मला फोरव्हीलर मागे घ्यावी लागणार होती, आणि मागे घेणं हा माझा कच्चा विषय. मी रागानं लांबलचक हॉर्न दिला. एसटीवाल्यानं त्याहून लांब दिला. शेवटी दाजी खाली उतरले आणि हातवारे करून मला शेताच्या बांधापर्यंत मागे नेलं. एसटी अंगावरून गेल्यासारखी गेली.

गावात पोचलो तर आईच्या दाराला कुलूप. शेजारची काकू अंगण झाडत होती.

"ती गेली ना सहाच्या गाडीनं," ती म्हणाली. "तूच सांगितलंस म्हणे. फोन ठेवलाय माझ्याकडं, चार्जिंग नव्हतं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते शिट्टी वाजवायला लागले. ते शिट्टी वाजवतात तेव्हा त्यांना फार बोलायचं असतं.

शहापूरच्या स्टँडवर पोचेपर्यंत साडेसात झाले. आई बाकड्यावर बसली होती. हिरवं नवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत घासून लखलखीत केलेला पितळी तांब्या.

"मी खिडकीतनं हात केला तुला," ती म्हणाली. "तू हॉर्न दिलास."

"अगं, मग गाडी थांबवायची ना."

"कंडक्टरला काय सांगू? मला वाटलं दूध आणायला चाललास. सकाळचा तू तसाच असतोस."

इथे दाजींनी शिट्टी थांबवली आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. आता दीड तास गेला. पुढे भिवंडीच्या बायपासला ट्रक लागलेले असणार. सासूबाईंना त्रास होईल. आजचं राहू दे, पुढच्या रविवारी बघू. बायकोनंही मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही आतून बरं वाटलं. त्या बांधाच्या प्रकारानंतर भिवंडीचे ट्रक मला नकोच होते.

आईनं तांब्या पिशवीतून काढून बाकड्यावर ठेवला.

"जावईबापू, हा रिकामा घेऊन आलेय. रिकामा घेऊन इहिरीवर जायची नाय. तुमी कोणी येत नसाल तर मला आसनगावला सोडा. पूल बसून-बसून चढेन."

आम्ही निघालो.

ठाण्यापर्यंत मी झकास चालवली. पडघ्याचा चहासुद्धा झाला, आईनं गोळी घेतली. दाजी म्हणाले, "बरी चालवता की." ह्या एका कौतुकानं घात केला. माजिवड्याला पूल एकावर एक चढतात, रस्ते फुटतात, बोर्ड मान वर करून वाचावे लागतात. दाजी म्हणाले, "सरळ घ्या." माझ्या मते सरळ जे होतं ते मी घेतलं. त्यांच्या मते सरळ दुसरंच होतं. बऱ्याच वेळानं उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला डोंगर दिसायला लागले तेव्हा मी समाधानानं म्हणालो, की मुंबईतही झाडी बरी राखलीय.

बायको मागून शांतपणे म्हणाली, "अहो, बोर्डवर अहमदाबाद लिहिलंय."

वळायला जागा मिळेपर्यंत आणखी बरंच गेलो. मग परत. मग ट्रकांच्या मागे तासभर. ऊन तापलं. आई मागच्या सीटवर ताठ बसली होती. ओठ कोरडे पडलेले आरशात मला दिसत होते. बायकोनं दोनदा कॅन पुढे केला, दोनदा आईनं हातानं बाजूला सारला.

"आई, एक घोट घे," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

"मला," ती म्हणाली. "तू म्होरं बघून चालव."

त्यापुढे मी आरशात बघायचं टाळलं. वर्गात पोरगं चुकलं की मी म्हणतो, नकाशा डोक्यात पाहिजे. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त एक म्हातारी होती, जी माझ्या 'सरळ'मुळे सकाळपासून तहानलेली होती. मी बायकोला म्हणालो, मोबाइल काढ. दाजींनी पुन्हा शिट्टी सुरू केली. ते बोलले असते तर बरं झालं असतं. पुढचा सगळा रस्ता ती मोबाइलातली बाई सांगत गेली आणि मी पहिलीतल्या पोरासारखा ऐकत गेलो.

साडेबारा वाजून गेले होते. समुद्र अजून लांब होता. आम्ही परळच्या बाजूला कुठल्यातरी गल्लीत सिग्नलच्या रांगेत अडकलो होतो. डावीकडे एक उंच बिल्डिंग, तिच्या फाटकाशी एक माणूस लांब पाइप धरून मोठी काळी फोरव्हीलर धूत होता. पाणी फुटपाथवरून वाहत गटारात चाललं होतं.

"थांबव," आई म्हणाली.

"आई, इथे थांबता येत नाही."

तिनं दार उघडलंच. मी कशीबशी कडेला घेतली. मागचे हॉर्न देत होते, देऊ दिले. आई तांब्या घेऊन फाटकाशी पोचली आणि त्या माणसाच्या समोर उभी राहिली.

"मोटरीला मागनं पाज," ती म्हणाली. "आधी मला दे."

तो गडबडला. खुर्चीवरचा वॉचमन उठून आला. बोलण्यावरून आपल्याकडचाच, सिन्नर-इगतपुरीच्या बाजूचा असावा. "आजी, ते गाडी धुवायचं आहे. पिण्याचा नळ इकडे."

"धरणाचं हाय का बोरिंगचं?"

"पालिकेचं आहे आजी. पाइपलाइनचं."

"शहापूरकडनं येतं ते?"

वॉचमननं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दिवसभरात माझ्या भूगोलाचा तेवढाच उपयोग झाला.

आईनं मान मागे टाकून बिल्डिंगकडे पाहिलं. "किती माळे?"

"चोवीस."

"पार वरपर्यंत पाणी जातं?"

"पंपानं जातं. चोवीस तास."

"बरंय," ती म्हणाली. त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. राग म्हणावा तर तोंडावर नव्हता.

वॉचमननं केबिनशेजारचा नळ सोडला. आईनं पदर खोचला, ओंजळ धरली आणि प्यायली. पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. तोंडावरून हात फिरवला. मग तांब्या नळाखाली धरला, काठोकाठ भरला, कमरेचा रुमाल त्याच्या तोंडावर बांधला आणि नळ स्वतःच्या हातानं घट्ट बंद केला. तिकडे पाइप अजून चालूच होता. ती त्या माणसाकडे नुसती बघत राहिली, तेव्हा त्यानंही तो बंद केला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"आपलंच हाय."

दाजी गाडीला टेकून उभे होते, बायको कॅन हातात घेऊन. सकाळपासूनचं सगळं वसूल झालं, असं मला वाटायला लागलं. मी म्हणालो, "बघ आई, आणलं की नाही शेवटी?"

आईनं तांब्या छातीशी धरला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"पाणी एवढ्या लांबनं कोणाला न इचारता बरोबर आलं," ती म्हणाली. "मास्तर तेवढा चुकला."