छपरावरचा बर्फ
फ्रीजरमधला बर्फ खरवडताना चँडलर शहरातलं माझं २००६ मधलं ऑफिस आठवतं. टीममधल्या जपानी सहकाऱ्याने डोंगरांतल्या त्याच्या छोट्या शहराचा फोटो दाखवला होता. खालचा मजला बर्फात गाडलेला आणि त्याचे वडील वरच्या खिडकीतून घरात शिरताहेत. वाळवंटात राहणारे आम्ही थक्क होऊन बघत राहिलो. “छपरावरचा बर्फ सारखा उतरवावा लागतो, वडील आता थकलेत. जानेवारीत जाऊ?” त्याने विचारलं. “सॉफ्टवेअरचं रिलीज होऊ दे, मग जा,” मी टीमचा लीड म्हणून सांगितलं. वडील एकटेच छपरावर चढले आणि पडले. पुन्हा कधी चालले नाहीत. तो धावत गेला. परतताना सगळ्यांसाठी तिथली मिठाई आणली आणि अचानक रजा घेतल्याबद्दल माझ्यासमोर कमरेत वाकून माफी मागितली. मी “इट्स ओके” म्हणालो. बर्फात बुडालेलं ते घर आणि ती वाकलेली पाठ, दोन्हींपुढे मी आजही तेवढाच लहान आहे.