लालतोंड्या मेंढ्यांचं माहेर

"आला का दूधचोर!"

गेली बावीस वर्षं एचेबेरियाची बिशेंता माझं स्वागत याच शब्दांत करते. मी चोर नाही. मी एरामुन, स्पेनच्या सरहद्दीवरच्या बास्तानच्या खोऱ्यातला दूध मोजणारा. महिन्यातून एकदा प्रत्येक गोठ्यात जायचं, एकेका मेंढीचं दूध वेगळं मोजायचं, बाटलीत नमुना घ्यायचा, आकडा लिहायचा आणि शिव्या खायच्या. पगार पहिल्या चार कामांचा मिळतो.

बिशेंता एकाहत्तर वर्षांची. उंची बेताची, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र डोंगर ओलांडून फ्रान्सात ऐकू जाईल असा. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं नव्या पाद्र्याने एकदा चारचौघांत विचारलं, तर म्हणाली, "घरात एक मेंढा पाळून बघितला, फादर. तेवढ्यात हौस फिटली." पाद्री पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही. तिच्यामागे आहे कोण? दीडशे लालतोंड्या मेंढ्या, तळघरात पिकत ठेवलेलं चीज, आणि पाम्प्लोना शहरात राहणारा एक चुलतभाचा, जो तिच्या मरणाची अगदी सभ्यपणे वाट बघतोय. तो आला की मेंढ्या विकणार आणि घराचं हॉटेल करणार, हे तिच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे.

म्हणून त्या कोकराचं एवढं अप्रूप. जानेवारीत तिच्या सगळ्यात दुधाळ मेंढीला नर कोकरू झालं आणि मेंढा-केंद्राने त्याला हेरलं. केंद्रातल्या मेंढ्याचं बीज शेकडो कळपांत जातं, आणि त्याच्या प्रत्येक लेकीच्या कागदावर तो ज्या घरात जन्मला त्या घराचं नाव लागतं. कोकरू दाखवताना बिशेंताने बावीस वर्षांत पहिल्यांदाच शिवी न देता बोलणं पुरं केलं.

"माझ्यामागे या घराचं नाव कोण घेणार, एरामुन? भाचा हॉटेलला काहीतरी इंग्रजी नाव देईल. निदान मेंढ्यांच्या कागदावर तरी राहू दे."

एक रक्ततपासणी तेवढी बाकी होती. कागदावरचा बाप आणि खरा बाप एकच आहे ना, एवढंच बघायचं. केंद्राचं बीज नळीने भरलं तेव्हा मी स्वतः हजर होतो, म्हणून छातीठोकपणे म्हटलं, "नुसता सोपस्कार आहे हो." माझ्या तोंडाला आग लागो.

मार्चमध्ये उत्तर आलं. बाप केंद्राचा नाही. बाप: एचेबेरिया घरचा मेंढा.

आमच्या कार्यालयात शहरातून आलेला एक गुळगुळीत साहेब बसतो. त्याने मेंढी जवळून बघितली असेल तर ताटात. त्याने तिथल्या तिथे निकाल लावला: बाईने घरचाच मेंढा लपवून लावला आणि वर खोटा कागद भरला. शुक्रवारपर्यंत काय ते सिद्ध करा, नाहीतर कोकरू खाटकाकडे आणि कळपाचं नाव जातीच्या नोंदपुस्तकातून बाहेर. खरं सांगतो, लाज वाटते, पण क्षणभर मलाही तसंच वाटलं.

"घरचा मेंढा?" बिशेंता कडाडली. "कुठला घरचा मेंढा? तो मेला शेवटचा मेंढा मी तीन वर्षांपूर्वी शिजवला! तूही खाल्लास! दोनदा वाढून घेतलंस!"

खरं होतं. मक्याच्या भाकरीबरोबर फार छान लागला होता.

मग मी कागद नीट बघितला आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडे माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. आडनाव लागतं ते पोलिसाला. एचेबेरिया म्हणजे नवं घर. बिशेंताचं नवं घर चारशे वर्षांचं आहे, आणि असं एखादं नवं घर दर गावात असतंच. साहेबाने नाव वाचलं आणि तिथेच थांबला. नावाखालचा आकडा मात्र आपल्याकडचा नव्हताच. दोन वर्षांपासून आमच्या लालतोंड्यांची आणि फ्रान्सातल्या लालतोंड्यांची रक्तं एकाच यादीत तपासतात. पुस्तकं दोन, जातीची नावं दोन, पण आज्या-पणज्या त्याच. सरहद्द आखताना मेंढ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"हा मेंढा पलीकडचा," मी म्हटलं. "आल्दुदेच्या खोऱ्यातल्या एचेबेरियाचा."

बिशेंता मटकन पालथ्या बादलीवर बसली. "ग्राशी," ती म्हणाली.

ग्राशी तिची धाकटी बहीण. त्रेचाळीस वर्षांपूर्वी लग्न करून डोंगरापलीकडे गेली. आमच्यात घराचे तुकडे पडत नाहीत, सगळं एकालाच मिळतं. घर बिशेंताला मिळालं, ग्राशीला तीस मेंढ्या. कुठल्या तीस, ते निवडायचं काम घर मिळालेल्या थोरलीचं. महिन्याभरात पलीकडून निरोप आला: तू मला कळपातला गाळ दिलास. इकडून उलट निरोप गेला: निवडक दिल्या, तुलाच धार काढता येत नाही. संपलं बोलणं. बापाच्या मयतालाही दोघी पेटीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या आणि दोन वाटांनी घरी गेल्या. मेंढ्या मात्र दर उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणात एकत्र चरत होत्या आणि, आता उजेडात आलं, एकत्र आणखीही काय काय करत होत्या. केंद्राचं बीज लागलंच नव्हतं. ग्राशीच्या मेंढ्याने नंतर धुक्यात काम फत्ते केलं होतं.

लबाडी झाली नाही हे सिद्ध करायला मेंढ्याच्या मालकिणीची सही हवी होती. माझा मेंढा त्या कुरणात मोकळा होता, एवढं एक वाक्य आणि खाली सही.

"खाटकाला बोलाव," बिशेंता म्हणाली आणि आत निघून गेली.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. "गाडी काढ. आणि वाटेत तोंड उघडलंस तर दरीत ढकलीन."

ग्राशी गोठ्यात धारा काढत होती. चारशे मेंढ्या, यंत्रांची रांग, आणि मधोमध तेच नाक, तीच उंची, तेच गेलेले गुडघे. तिने मान वर केली, बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा कोण? शेवटी नवरा केलास वाटतं."

"दूध मोजणारा आहे. एवढी वाईट वेळ आली नाही माझ्यावर."

मी मुकाट्याने कागद पुढे केला. ग्राशीने वाचला आणि खांबाला धरून हसायला लागली. "माझा चोमिन! आणि तुझ्या सोवळ्या कळपात! शाब्बास रे माझ्या राजा!"

"झालं हसून? सही कर."

"करते की. पण आधी तोंडाने सांग. त्या तीस मेंढ्या कशा होत्या?"

बिशेंताने एकदा दाराकडे बघितलं. मला वाटलं, चालली ही. गाडीच्या किल्ल्या मी खिशात चाचपून ठेवल्या.

"गाळ होत्या," बिशेंता म्हणाली. "दोन दिवस सगळ्या कळपाच्या धारा मापाने मोजल्या आणि सगळ्यात कमी देणाऱ्या तीस काढल्या. तू गाणी म्हणत निघाली होतीस. मला त्या घरात म्हाताऱ्याचं खोकणं ऐकत राहायचं होतं. जळले मी तुझ्यावर. बास? कर आता सही."

आता ही रडणार किंवा मारणार, असं मला वाटलं. ग्राशीने दोन्ही केलं नाही. तिने हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "त्यांत पहिल्या वेताच्या किती होत्या गं?"

"बऱ्याच. कोवळ्या पोरी होत्या. जुन्या मेंढ्यांचं खाऊन उरेल तेवढा चारा त्यांना. म्हणून तर दूध नव्हतं."

मला तिथेच उमगलं. माझा धंदाच तो. मापात पडतं ते वयाचं आणि चाऱ्याचं. आईबापाकडून रक्तात काय आलंय, ते एका वेताच्या मापाला कळत नाही. त्याला लेकी बघाव्या लागतात, नाती बघाव्या लागतात, वर्षं जावी लागतात.

"तिसऱ्या वेताला माझ्या बादल्या पुरेनात," ग्राशी म्हणाली. "सगळ्या नव्हेत हं, बारा. त्या बारांच्या पोटचा हा सगळा गोठा आहे, चोमिनसकट. आपल्या आईच्या हातच्या कळपातलं सोनं तू स्वतः हाकून माझ्या दारात सोडलंस, बये. आणि गाळ घरात ठेवून पोसत बसलीस."

मी बिशेंताकडे बघायचं टाळलं. दर महिन्याला तिच्या गोठ्यातले आकडे मीच लिहीत होतो. इतकी वर्षं ते का हलत नाहीत, याचं खापर ती माझ्या मापावर फोडायची.

"तिसऱ्या वेताला?" बिशेंताचा आवाज चिरकला. "तेव्हाच कळलं तुला? मग बोलली का नाहीस? पाठवायचा होतास टोमणा! चाळीस वर्षं रागावून बसलीस ती कशासाठी?"

"राग दोन वर्षांत संपला गं," ग्राशी म्हणाली. "पुढची सगळी वर्षं मी घाबरून गप्प होते. बोलणं सुरू झालं असतं, तू इथे आली असतीस, कासा बघितल्या असत्यास आणि माझ्या मेंढ्या परत मागितल्या असत्यास."

"मी? सख्ख्या बहिणीकडून?"

ग्राशीने भुवया वर केल्या.

"मागितल्या असत्या," बिशेंता म्हणाली. "बाराच्या बारा." आणि ती एकाहत्तर वर्षांची बाई सगळ्या मेंढ्यांसमोर भोकाड पसरून रडायला लागली.

ग्राशीने जवळच्या मेंढीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मग कासा पुसायचं फडकं उचललं आणि त्यानेच थोरलीचं तोंड पुसलं.